नोटीसनाना

आमच्या सोसायटीचा सूचनाफलक जिन्याखाली, पाण्याच्या मीटरशेजारी आहे. २०२० च्या मार्चपर्यंत त्यावर वर्षाकाठी तीनच कागद लागत. एक टाकी धुणार असल्याचा, दुसरा वार्षिक सर्वसाधारण सभेचा आणि तिसरा मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या नावांचा. वाचला जाई तो तिसरा. आता फलकावर टाचणी टोचायला जागा नाही. कागदावर कागद चढून त्यांची जाडी इतकी झाली आहे की पुढची काच सरकत नाही, आणि प्रत्येक कागदाखाली एकच सही आहे. ती लागत नाही. लावून बघायची गरजही कोणाला पडत नाही.

नाना तिसऱ्या मजल्यावर राहतात. सगळी नोकरी ऑडिटमध्ये झाली. दुसऱ्यांच्या हिशेबावर हरकती काढण्यात उमेद गेली आणि निवृत्तीनंतर हरकत घ्यायला घरात फक्त माई उरल्या. माईंनी ती सोय पहिल्याच आठवड्यात बंद केली. मग बरीच वर्षं नाना गॅलरीत बसून डोंबिवली स्टेशनाकडे धावणारी माणसं बघत, आणि त्यांतलं कोण रोजच्यापेक्षा उशिरा निघालं याची मनातल्या मनात नोंद करत.

महामारीने कोणाचं भलं झालं असं लिहिणं बरं दिसत नाही. पण ९ मार्चला पुण्यात पहिले रुग्ण सापडले, १३ तारखेला राज्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला, आणि नाना गॅलरीतून उठले. मुंबईच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला तो कायदा. मजकूर दोन पानांत आटोपणारा. मोडणाऱ्याला भारतीय दंडविधानाचं कलम १८८. नानांना एवढं पुरे होतं. पुढे दोन वर्षं, चपला जिन्यात काढणाऱ्यालासुद्धा ते १८८ दाखवत.

पहिली नोटीस मला अजून पाठ आहे. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, विषाणू आपल्या इमारतीत येण्याची शक्यता नाकारता येत नाही. तो आल्यास कोणत्या जिन्याने आला हे निश्चित व्हावे, यासाठी मागील जिना बंद ठेवण्यात येत आहे.’

नंतर लिफ्टमध्ये थर्माकोल आला. त्यात टूथपिक खोचलेल्या. बटण टूथपिकने दाबायचं आणि ती खालच्या डब्यात टाकायची. कल्पना वाईट नव्हती, तेव्हा गावोगावच्या लिफ्टमध्ये हेच चाललं होतं. पण आमच्याकडे काटकसर फार. कोणीतरी वापरलेल्या टूथपिक पुन्हा थर्माकोलात खोचून ठेवू लागलं. त्याला पकडायला नानांनी एक अख्खी दुपार लिफ्टमध्ये स्टूल टाकून पहारा केला. बंद लिफ्टमध्ये, वर-खाली करत, येणाऱ्या प्रत्येकाच्या गुडघ्याला गुडघा लावून. ‘सहा फूट अंतर राखा’ ही सूचना त्यांच्याच डोक्यामागे चिकटवलेली होती. त्या दिवसांत फोन लावला की घंटीच्या आधी खोकल्याची ढास ऐकू यायची, आठवत असेल. नाना तेवढा वेळ फोन हातभर लांब धरत.

मार्च संपता संपता तो हेलिकॉप्टरचा निरोप फिरला. रात्री दहानंतर आकाशातून औषध फवारणार, कोणी बाहेर पडू नये, वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत. असं काही होणार नाही हे सरकारने सांगितलं. पण सरकारचं म्हणणं येईपर्यंत नानांची नोटीस लागून गेली होती. सकाळी चौथ्या मजल्यावरच्यांची एक चादर दोरीवर राहिलेली सापडली. नानांनी ती हातमोजे घालून उतरवली, मास्क खाली ओढून हुंगली, आणि म्हणाले, “फवारणी सौम्य झालेली दिसते.”

जमिनीवरची फवारणी मात्र सौम्य नव्हती. फाटकात पंप घेऊन वॉचमनला उभं केलं होतं आणि आत येणाऱ्याच्या अंगावर तो सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी मारायचा. पेपरवाल्याच्या निळ्या शर्टावर पांढरे ठिपके उमटले, ते शेवटपर्यंत गेले नाहीत. एप्रिलच्या १८ तारखेला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की माणसांवर असली फवारणी करू नका, उपयोग नाही आणि अपाय आहे. नानांनी तत्काळ नोटीस काढली: ‘फवारणी थांबवण्यात येत आहे. ज्यांच्यावर यापूर्वी झाली आहे त्यांनी आपली नावे नोंदवावीत.’ कशासाठी, ते लिहिलं नव्हतं.

काढ्याचं फार सांगत नाही. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुका एवढंच सांगितलं होतं. नानांनी ग्रुपवर येईल त्या वस्तूची त्यात भर घातली, आणि शेवटी माईंनी त्याला कढीपत्त्याची फोडणी देऊ का म्हणून विचारलं. सगळ्या इमारतीला उष्ण पडलं. तोंडं आली. मग सब्जा आणि गुलकंदाची नोटीस.

ऑक्सिमीटर सोसायटीने वर्गणीतून घेतला आणि तो नानांच्या खिशात राहू लागला. पहिल्या मजल्यावरच्या नव्या सूनबाईचा आकडा शहाऐंशी आला तेव्हा नानांनी रुग्णवाहिका बोलावली, तिच्या सासऱ्यांना नळाखाली डोळे धुवायला लावले, दोन्ही जिने मोकळे केले. मुलगी हसत होती, तेही त्यांना लक्षणच वाटलं. शेवटी माई खाली आल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “अहो, नखांना केवढा काळा रंग लावलाय पोरीने.” रंग पुसला. सत्त्याण्णव.

एवढ्यावरून नाना वेंधळे आहेत असं वाटेल. तसं नाही. नजर ऑडिटची आहे. पंतप्रधानांच्या मदतनिधीचा यूपीआय पत्ता म्हणून जो निरोप आमच्या ग्रुपवर आला, त्यात शेवटचा एक ‘एस’ गाळलेला होता. पंधरा जणांनी तो वाचला होता, दोघे पैसे पाठवायच्या बेतात होते. गळलेला ‘एस’ दिसला तो फक्त नानांना. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली, आणि ‘तुमचा हप्ता पुढे ढकलून देतो, फक्त ओटीपी सांगा’ म्हणणारे फोन सुरू झाले, तेव्हा ‘हप्ता ढकलायला ओटीपी लागत नाही’ ही नोटीस वर्तमानपत्रांच्या बरोबरीने लागली. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन मोजणाऱ्या ॲपवरही त्यांचा पहिल्या दिवसापासून राग होता. त्यात बोटाचा ठसा चोरीला जायची भीती असल्याचं सरकारी इशाऱ्यात नंतर आलं. खिशातल्या ऑक्सिमीटरला स्पर्धा नको, हे रागाचं खरं कारण असेल. पण राग योग्य जागी पडला.

‘पैसे पाठवायला पिन लागतो, घ्यायला लागत नाही’ हे वाक्य त्यांनी वॉचमनकडून, इस्त्रीवाल्याकडून आणि दारावरच्या भाजीवालीकडून पाठ करून घेतलं. भाजीवालीला त्याची गरज नव्हती. ती रोखीतच घेते. तिने तेही ऐकवलं.

आणि चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचं प्रकरण. दुकानं बंद, घसे कोरडे, आणि दारूच्या दुकानांच्या नावाने घरपोच देण्याचे खोटे नंबर नेटवर पेरलेले. गृहस्थांनी आगाऊ पैसे भरले. बाटली आली नाही. पलीकडच्याने ‘परत करतो’ म्हणून कोड पाठवला, तो स्कॅन केल्यावर आणखी गेले. तक्रार करावी तर घरी कळेल. त्यांनी फक्त नानांना सांगितलं, शपथ घालून. नानांनी शपथ पाळली. नोटिशीत नाव घातलं नाही. ‘चौथ्या मजल्यावरील, जिन्याच्या डाव्या हाताच्या एका सभासदाने घरपोच सरबत मागविण्याच्या नादात’ अशी सुरुवात होती.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. नानांचा संशय सगळ्यांवर सारखा नसतो. फायदा सांगणारा माणूस दिसला की नाना त्याला चोर धरतात. बक्षीस लागलं, व्याज जास्त मिळेल, घरबसल्या पैसे कमवा, असं म्हणणाऱ्याचं पुढचं वाक्य ते ऐकतच नाहीत. पण ‘सावध राहा’ म्हणत कोणीही यावं. त्याला नाव, गाव, पुरावा काही विचारला जात नाही. तो आपला माणूस. म्हणून हेलिकॉप्टर आणि गळलेला ‘एस’ यांच्या नोटिशी एकाच ठळक अक्षरात, एकाच सहीने, शेजारी शेजारी लागल्या. त्यातली कोणती खरी हे वाचणाऱ्याने बघायचं. वाचणारे, अर्थातच, वाचत नव्हते.

लसीकरण आलं आणि नानांच्या आयुष्यातला सर्वात गोंधळाचा काळ सुरू झाला. स्वतः त्यांनी मार्च २०२१ मध्ये, साठीवरच्यांची पाळी आल्याबरोबर लस घेतली. मेअखेरीस मुंबईत कांदिवलीच्या एका बड्या गृहसंकुलात खोटं लसीकरण शिबिर झालं. सुमारे ३९० रहिवाशांनी पैसे मोजून दंडावर सुया टोचून घेतल्या, आणि नंतर कोणालाच ताप नाही, अंगदुखी नाही, प्रमाणपत्रं भलभलत्या रुग्णालयांच्या नावाची, म्हणून शंका आली. ही बातमी वाचून नाना घरोघर हिंडू लागले. “ताप आला होता का?” ‘हो’ म्हणणाऱ्याचं ते हात हातात घेऊन अभिनंदन करत. ‘नाही’ म्हणणाऱ्याची वहीत नोंद. एकशे दोन ताप आलेल्या माणसाचं नाव त्यांनी आदराने फलकावर लावलं. अडचण एवढीच की खुद्द नानांना कणकणही आली नव्हती. दुसऱ्या डोसनंतर ते दोन गोधड्या घेऊन झोपले आणि दर तासाला माईंना कपाळ बघायला लावत राहिले. पहाटे माई म्हणाल्या, “आता मलाच येतोय ताप.” तोही त्यांनी वहीत घेतला.

साथ ओसरली. लिफ्टमधला थर्माकोल गेला, मास्क पिशव्या बांधायला वापरले गेले. नानांना वाटलं होतं पुन्हा गॅलरी. पण भामट्यांनी त्यांची सोय बघितली. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर अधिकाऱ्याला फोन करा’ हे निरोप आले. मग लग्नपत्रिकेच्या नावाने ॲप पाठवून फोनचा ताबा घेणारे आले. त्या नोटिशीनंतर नानांनी मोबाइलवर आलेली एकही पत्रिका उघडली नाही. समोरच्या दारातल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ते संध्याकाळी तिच्या आईवडिलांसमोर बसले आणि गंभीरपणे विचारलं, “खरोखरच आहे का?” मुलीकडच्यांच्या पोटात गोळा आला. त्यांना वाटलं, मुलाकडचं काही कळलंय.

साथीच्या काळातली एक पद्धत मात्र नानांनी मोडू दिली नाही. एकट्या राहणाऱ्या वयस्कर सभासदांची एकेक किल्ली तेव्हा नानांकडे जमा झाली होती, आणि रोज सकाळी नऊला नाना त्यांना फोन करून तापमान विचारत. तो फोन अजून चालू आहे. कोणी दुखणाईत नाही, साथ नाही; तरी नऊ वाजता घंटी. “तापमान?” पाचव्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. मोजत बिजत काही नाहीत. “अठ्ठ्याण्णव पॉइंट चार,” असं म्हणून त्या फोन ठेवतात. कितीदा आम्हाला म्हणाल्या, या माणसाला कोणीतरी आवरा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये डिजिटल अटकेबद्दल सांगितलं, कायद्यात असली काही अटकच नाही, घाबरू नका. नानांनी तो सगळा मजकूर नोटिशीत उतरवला. खालून वर जाताना बाईंनी लाल पेनाने त्यातले चार ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. म्हणजे वाचली होती, शब्दन् शब्द वाचली होती.

आणि त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी बाईंनी नऊचा फोन उचलला नाही.

नानांनी दोनदा लावून बघितला. मग किल्ली, ताप मोजायची बंदूक, ऑक्सिमीटर आणि मास्क असा जामानिमा करून ते पाचव्या मजल्यावर गेले. बेल वाजवली. कोणी येईना. कुलूप उघडून आत गेले, तर बाई जेवणाच्या टेबलाशी ताठ बसलेल्या. समोर लोणच्याच्या बरणीला टेकवलेला फोन आणि त्यात खाकी वर्दीतला एक अधिकारी, मागे झेंडा आणि राजमुद्रा. आदल्या रात्री आठपासून हे चाललं होतं. बाईंच्या आधारवर कोणीतरी बँकेत खातं काढलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय, कोणाशी बोलायचं नाही, दार उघडायचं नाही, कॅमेरा बंद करायचा नाही. बँक दहाला उघडली की मुदतठेव मोडून पैसे रिझर्व्ह बँकेच्या ‘तपासणी खात्यात’ भरायचे. निर्दोष ठरल्यावर परत. आयुष्यभर पोरांना हाताची घडी घालून बसवलेल्या बाई स्वतः रात्रभर तशा बसल्या होत्या.

आता माझी, तुमची कल्पना काय? की नानांनी एका नजरेत भामटा ओळखला. छे. वर्दीतला माणूस धोका सांगत होता, म्हणजे आपला माणूस. नानांनी वाकून नमस्कार केला, खुर्ची ओढून बाईंच्या आणि फोनच्या मध्ये घातली, आणि म्हणाले, “साहेब, प्रत्यक्ष भेटलात हे उत्तम झालं. फाटकासमोरच्या पाणीपुरीच्या गाडीबद्दल आमचा अर्ज तीन वर्षं पडून आहे.”

“कौन हो तुम? फोन मॅडम को दो.”

“देता हूँ. पहले अर्ज का आवक क्रमांक लिख लो.”

अधिकारी ओरडला. अटकेचं वॉरंट आहे म्हणाला आणि ते कॅमेऱ्यासमोर धरलं. इथे त्याने चूक केली. नानांना कागद दाखवायला नको होता. त्यांनी चष्मा बदलला. “जरा पास लाओ. और पास. हिलाओ मत.” मग हरकती सुरू झाल्या. जावक क्रमांक नाही. संदर्भ नाही. शिक्का सहीच्या आधी मारलेला दिसतो. ‘गव्हर्नमेंट’मध्ये एक ‘एन’ कमी. प्रत कोणाकोणाला रवाना, त्याचा उल्लेख नाही.

“तुमको भी अंदर करेगा!”

“जरूर करो. लेकिन पहले पत्र दुरुस्त करो. इसपर तो ट्रेझरी एक रुपया पास नहीं करेगी.”

मग ‘सीबीआयचे वरिष्ठ’ पडद्यावर आले. वरिष्ठ आले म्हटल्यावर नानांनी विषय पुन्हा पाणीपुरीच्या गाडीपासून घेतला. हे किती वेळ चाललं ते बाईंनाही सांगता येत नाही. मध्येच नानांनी मागे वळून त्यांचं तापमान घेतलं, एवढं त्यांना आठवतं. शेवटी पलीकडूनच फोन बंद झाला.

बाई उठल्या. तोंडावर पाणी मारलं, आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. “नाना, हे पोलीस नव्हते.”

“असं कसं म्हणता?”

“खरा इन्स्पेक्टर तुमचं एवढा वेळ ऐकून घेईल का?”

त्यांनी तिथल्या तिथे १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, मग बँकेला. एक पैसाही गेला नाही. संध्याकाळी आम्ही सगळे पाचव्या मजल्यावर जमलो, माईंनी उपमा केला, सगळ्यांनी नानांची पाठ थोपटली. ते मात्र अवघडून बसले होते. त्यांना अजून पटलं नव्हतं. “कागदात चुका आहेत म्हणून माणूस खोटा कसा ठरतो?” ते मला बाजूला घेऊन म्हणाले. “मी खऱ्याखुऱ्या कार्यालयांत याहून वाईट पत्रं बघितली आहेत.” लोकसेवकाने नागरिकाचं बोलणं अर्धवट असताना फोन ठेवला, याची तक्रार कोणाकडे करायची, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन विचारलंही. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही कोणी विचारलं नाही.

त्यानंतर लागलेल्या नोटिशीत भामट्यांचा, वर्दीचा, व्हिडिओ कॉलचा, कशाचाच उल्लेख नव्हता. ‘सर्व सभासदांस व सुरक्षारक्षकांस कळविण्यात येते की, यापुढे जावक क्रमांक नसलेला कोणताही शासकीय कागद इमारतीत स्वीकारला जाणार नाही.’ बाईंनी यावेळी लाल पेन काढलं नाही.

दोन आठवड्यांनी पाणीपट्टीचं बिल घेऊन एक माणूस आला. वॉचमनने त्याला फाटकात अडवलं, बिल उलटंसुलटं करून बघितलं, आणि जावक क्रमांक विचारला. तो माणूस आधी हसला, मग चिडला, मग बिल घेऊन परत गेला. पुढच्या महिन्यात ते विलंब शुल्कासह आलं. वरच्या कोपऱ्यात कोणीतरी हाताने जावक क्रमांक घातला होता.